काकूचा कोरडा ब्रोच

आत्याने ब्रश वहिनीच्या हातात दिला आणि ठिणगीच्या पोटात असा जाळ झाला की तिला वाटलं, आता समोरच्या भांड्यातलं कोमट पाणी उकळायला लागणार.

दिला म्हणजे कसा, तर अगदी सहज. जेवताना कोणी मीठ मागावं आणि आपण वर न बघता वाटी सरकवावी, तसा.

"धर. बघू तुझा हात."

"मी?" वहिनी गोंधळली. "ठिणगी करते ना दरवर्षी?"

"ती पुसते," आत्या म्हणाली.

ती पुसते! बारा वर्षं झाली, आणि आत्याने ती दोन शब्दांत गुंडाळून बाजूला ठेवली. दरवर्षी एका रविवारी घरातल्या बायका आपापले दागिने घेऊन आत्याच्या खोलीत यायच्या. खाली लाँड्री, वर आत्याच्या दोन खोल्या. जिना चढतानाच इस्त्रीच्या गरम कापडाचा वास यायचा. टेबल रिकामं करायचं, त्यावर पांढरी चादर घालायची, मधे काचेचं पसरट भांडं, त्यात कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. शेजारी दुसरं भांडं साध्या पाण्याचं, त्यात बारीक जाळीची गाळणी. बेसिनवर दागिना न्यायचाच नाही, हा आत्याचा नियम. "बेसिनच्या भोकाने जेवढं सोनं खाल्लंय तेवढं चोरांनी पण खाल्लं नसेल," ती म्हणायची. आत्या खिडकीकडच्या खुर्चीत ब्रश घेऊन, आणि समोर टॉवेल घेऊन ठिणगी. पाचव्या वर्षी खुर्चीवर दोन उशा ठेवून बसवली होती तिला, पाय हवेत. आता ती सतरा वर्षांची होती, पाय जमिनीला पुरून उरायचे, पण टॉवेल काही सुटला नव्हता.

बरं, दुसरं होतं काय तिच्याकडे? शाळा तर सुटली होती. नववीत सरांनी सगळ्या वर्गासमोर म्हटलं, तुझ्या डोक्यात भुसा भरलाय. ही म्हणाली, तुमच्याच तासाला भरला. दप्तर उचललं आणि निघाली, ती परत गेलीच नाही. आईने रडून बघितलं, बाबांनी अबोला धरून बघितला, दादाने समजावून बघितलं. एकटी आत्या काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने फक्त आपलं भिंग ठिणगीच्या हातात दिलं, डोळ्याला लावून दागिना मोठा करून बघायचं ते, आणि म्हणाली, "बघत बस." आत्या वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापासून दागिन्यांच्या दुकानात धुण्या-दुरुस्तीच्या टेबलावर होती. तिथून येताना ती काहीतरी सांगायची, आणि शाळेचं एक अक्षर लक्षात न राहणाऱ्या ठिणगीला ते सगळं पाठ व्हायचं.

आणि आता मंगळवारी आत्याच्या मनगटाचं ऑपरेशन होतं. आतली नस दबली होती, बोटं सुन्न व्हायची, चहाचा कपसुद्धा ती दोन हातांनी धरायची. पुढचे तीन महिने दुकानातली तिची खुर्ची रिकामी. परवाच ती आईला म्हणाली होती, "माझ्या जागी कोणाला बसवायचं ते मालकांनी माझ्यावर सोडलंय. घरातलंच कोणी असलं तर बरं. रविवारी ठरवते."

ठिणगीला त्यात ठरवण्यासारखं काय आहे तेच कळलं नव्हतं. आज कळलं.

ठरवण्यासारखं समोर बसलं होतं, बाह्या दुमडून, केस मागे बांधून. दादाची बायको. घरात येऊन सात महिने झाले होते. दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करायची, पण डॉक्टर वय झालं म्हणून दवाखाना बंद करून लेकाकडे गेले आणि ही गेले दोन महिने घरी. सगळ्यांना आवडायची. तोच तर वैताग होता. तिला नावं ठेवायला जागा शोधावी लागायची, आणि शोधूनही सापडायची नाही.

"लोकांचे दात घासून घासून हात बसलाय तिचा," आई म्हणाली. आई टेबलाच्या टोकाला बसून आपल्या बांगड्या काढत होती. "आणि दागिने बिचारे चावत तर नाहीत."

आत्या हसली. वहिनी हसली. ठिणगीने टॉवेलची घडी मोडली आणि परत घातली.

"आत्या, कोमट म्हणजे किती कोमट?"

"मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर काही कळता कामा नये, इतकं."

"आणि लोक टूथपेस्ट लावतात सोन्याला, ते?"

"ओरखडे पडतात. सोनं मऊ असतं."

"दातांचं पण तेच हो! घासून घासून पांढरे करायला जातात आणि वरचा थरच घालवून बसतात."

"तेच सांगते मी गिऱ्हाइकांना! ऐकतंय कोण?" आत्या म्हणाली, आणि दोघी अशा हसल्या की जणू एकाच बाकावर बसून शिकल्या होत्या.

ठिणगी चूक शोधत बसली. तिचे डोळे तसे तेज, घरात कोणाची सुई हरवली तर हिलाच हाक मारायचे. पण वहिनीच्या हातातून काही निसटेना. साखळी भांड्यात गोळा करून न टाकता तिने सोडली अलगद, गुंता होऊ न देता. आईची हिऱ्याची अंगठी घेतली आणि कोणी न सांगता उलटी केली, मागून घासायला लागली.

"वा," आत्या म्हणाली.

आत्याच्या तोंडून वा! मागच्याच वर्षी तिने ठिणगीला सांगितलं होतं की हिऱ्याला पुढून कोणीही घासतं, मळ असतो मागे, कोंदणाच्या खाली. तेव्हापासून ठिणगी ते एखाद्या गुपितासारखं जपून होती.

"दाताची पण मागचीच बाजू विसरतात लोक," वहिनी म्हणाली.

हिचे ते दात एकेक करून पाडावेत, असं ठिणगीला वाटलं.

आणि मग वहिनीचा हात मोत्यांच्या सराकडे गेला. ठिणगी खुर्चीतून उठलीच. "मोती पाण्यात नाही घालायचे! दोरा सैल होतो, मोती मरतात! एवढं पण माहीत नाही?"

वहिनीचा हात तिथेच थांबला. "अगं, मी बाजूला ठेवत होते. शिंतोडे उडतील म्हणून."

"ओरडतेस काय?" आत्या म्हणाली. "आग लागलीय का? तिला कळतंय. तू तुझं पुसण्याचं बघ."

ठिणगी बसली. अंगठी टॉवेलमध्ये घेऊन तिने इतकी जोरात पुसली की आई म्हणाली, "हिरा राहू दे त्यात."

तेवढ्यात आत्याचा फोन वाजला. हॉस्पिटलचा होता, मंगळवारी किती वाजता यायचं, काय खायचं, काय नाही. आत नीट ऐकू येईना म्हणून आत्या फोन कानाला लावून गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. आई चहा टाकायला आत गेली. आणि बरोबर त्याच वेळी जिन्यावर धापा टाकत काकू आली.

"जिना आहे का शिक्षा!" काकूने पर्स खुर्चीवर टाकली आणि त्यातून मखमलीची पिशवी काढून टेबलावर ठेवली. "हे माझं. आणि ब्रोच पहिला करा हं, उद्या साहेबांचा निरोपसमारंभ आहे, साडीला लावायचाय." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, आवाज थोडा चढवून म्हणाली, "सासूबाईंनी मी घरात आले त्याच आठवड्यात दिलेला. खरा पाचू आहे."

"माहीत आहे," आतून आईचा आवाज आला. "बावीस वर्षं ऐकतेय. मला स्टीलचे डबे दिले होते."

"डबेही चांगले होते हो, जाऊबाई!"

"होते ना. आज घरून तुझ्यासाठी त्यातलीच बिस्किटं आणलीत."

काकू खूश होऊन आत गेली. या दोघींचं असंच चालायचं. आईला त्या ब्रोचचं नाव काढलं की डोक्यात तिडीक जायची, आणि काकूला ते ठाऊक असल्यामुळे ती ब्रोचचं नाव काढल्याशिवाय राहायची नाही.

टेबलाशी दोघीच उरल्या. वहिनीने पिशवी उघडली. कानातले धुतले, गाळणीत ठेवले, ठिणगीने पुसले. मग वहिनीने ब्रोच हातात घेतला. सोन्याचं पान, आणि मधोमध नखाएवढा हिरवा खडा.

ठिणगीचे हात थांबले.

त्याचं असं होतं की तो ब्रोच बारा वर्षांत एकदाही तिच्या टॉवेलवर आला नव्हता. काकूने दिला की आत्या खिडकीकडे वळायची, त्यावर तोंडाची वाफ सोडायची, कोरड्या कापडाने पुसायची आणि परत पिशवीत घालायची. झालं. लहानपणी ठिणगीला वाटायचं, काकू फार लाडकी म्हणून तिचा दागिना वेगळा. मागच्या वर्षी काकू पिशवी इथेच विसरून गेली, तेव्हा ठिणगीने गुपचूप भिंग लावून बघितलं. खड्याची मागची बाजू सोन्याच्या पत्र्याने बंद. कडेला गोंदाची एक पिवळट रेघ. आणि खडा तिरका धरला की आतून काहीतरी चंदेरी चमकायचं. म्हणजे तिथे काहीतरी चिकटवलंय आणि याला पाणी लावायचं नाही, एवढं तिला कळलं. का, कोणी, ते तिने विचारलं नाही. तो तिचा स्वतःचा शोध होता. कोणी शिकवला नव्हता.

वहिनीने ब्रोच उलटा केला. अंगठा मागून फिरवला. "हा मागून बंद आहे ग," ती म्हणाली. मग वर बघितलं. "पाण्यात चालतो का हा?"

'नाही' हा शब्द ठिणगीच्या जिभेवर येऊन बसला होता. अगदी टोकावर. तिला कळतंय, तू तुझं पुसण्याचं बघ. तो शब्द तिने गिळला.

"मला काय विचारता? ब्रश तुमच्या हातात आहे."

वहिनी एक क्षण जास्तच बघत राहिली. "आत्यांना विचारू का?"

"विचारा की. दर वस्तूला उठून विचारणारं माणूस दुकानात चालतं का, ते पण विचारा."

वहिनीच्या गालावर लाली चढली. तिने गॅलरीच्या दाराकडे बघितलं. काचेतून आत्याची पाठ दिसत होती, ती मान हलवत होती. वहिनीने ओठ मिटले आणि ब्रोच पाण्यात सोडला.

आधी काहीच झालं नाही. फेसाखाली पान पडून राहिलं, छान दिसत होतं. मग खड्याच्या कडेतून एक बारीक बुडबुडा वर आला. मग दुसरा. मग एकामागून एक, ओळीने. आत हवा होती, तिथे पाणी शिरत होतं. ठिणगीला ते दिसलं. अजून वेळ होता, हात घालून उचलला असता तर कदाचित निभावलं असतं. ती चादरीची सुरकुती काढत बसली.

खडा काळवंडल्यासारखा दिसायला लागला. वहिनी म्हणाली, "मळ सुटतोय वाटतं," आणि तिने कडेवरून ब्रश फिरवला, अगदी हलक्या हाताने.

टक.

हिरवा खडा भांड्याच्या तळाशी गेला. आणि त्याच्या जागेतून माशाच्या खवल्याएवढा एक चंदेरी तुकडा सुटून वर आला आणि फेसावर तरंगत राहिला.

दारात काकू उभी होती, दोन हातांत दोन कप.

"अगं अगं अगं! काय केलंस हे!" कप टेबलावर आदळले, चहा चादरीवर सांडला. "बावीस वर्षं मी फुलासारखा जपला! आणि तू दोन मिनिटांत... दात उपटायची सवय ना! दिसलं की उपट!"

"काकू, मी हळूच..."

"हळूच? हळूच निघाला का तो? कोणाला विचारलंस? इतकी माणसं आहेत घरात, एकाला तरी विचारायचं!"

आई मागून धावत आली. गॅलरीचं दार उघडून आत्या आत आली, फोन अजून हातात. वहिनीने तोंड उघडलं. तिची नजर ठिणगीवर आली, थांबली. आता सांगणार, ठिणगीला वाटलं, आता नाव घेणार. वहिनीने तोंड मिटलं.

"चुकलं माझं," ती काकूला म्हणाली. "विचारायला हवं होतं."

ठिणगीला आनंद व्हायला हवा होता. हेच तर हवं होतं तिला, सगळ्यांसमोर, आत्यासमोर. पण तिला नुसते वहिनीचे ओले हात चादरीवर ठेवलेले दिसत होते, काय करावं न कळून पडलेले.

काकूने बाही वर करून भांड्यात हात घातला. खडा काढला. दुसऱ्या बोटाला तो चंदेरी तुकडा चिकटून आला. ती तो झटकायला गेली आणि थांबली. काकू ऑफिसात आयुष्यभर लोकांचे कागद तपासत आली होती, संशय तिच्या बोटांत मुरलेला होता.

"हे काय आहे?" तिने बोट वर धरलं. "पाचूच्या मागे चांदीचा कागद कशाला?"

खाली लाँड्रीत वाफेचा फुस्स आवाज झाला.

"पाचूला लागत नाही," आत्या म्हणाली. तिने फोन ठेवला आणि खुर्चीत बसली, सावकाश, एकदम म्हातारी झाल्यासारखी. "काचेला लागतो. चमक यावी म्हणून."

"काच?" काकू म्हणाली.

"काच?" आई म्हणाली. आणि मग आईला हसू फुटलं. आधी नाकातून, मग सगळंच. "अगं बाई, म्हणजे मी बावीस वर्षं काचेवर जळत होते? डब्यात साखर भरताना जळायचे, लग्नात ही मिरवायची तेव्हा जळायचे... काचेवर!"

"हसू नका, जाऊबाई."

"मी तुला नाही हसत, मला हसतेय!"

आत्या उठली. कपाटाचा खालचा खण उघडून तिने एक डबी आणली, तिच्यात कागदाची पुडी होती. पुडी तिने काकूसमोर उघडली. आत दोन हिरवे तुकडे होते, गढूळ, साबणाच्या पाण्यासारखे.

"हा तुझा पाचू. दुकानात लागून महिना झाला होता मला. वाटायला लागलं, सगळं येतं आपल्याला. आई म्हणाली, नव्या सुनेला द्यायचाय, उजळून दे. तिथे हिरे उकळत्या पाण्यात घालताना बघितले होते, म्हणून हाही घातला. पाचूच्या आत बारीक भेगा असतात ग, तेलाने भरलेल्या. गरम पाण्याने ते तेल जातं." आत्याने दोन्ही तुकडे बोटाने जवळ आणले. ते जुळले नाहीत. "असाच आवाज झाला होता. टक."

"आणि मग तू काच बसवलीस."

"मीच. माझ्या हाताने."

"आणि दरवर्षी माझ्यासमोर फुंकर मारून पुसायचीस."

"हो."

"लाज नाही वाटली?"

"दरवर्षी वाटली. म्हणून तर दुसऱ्या कोणाच्या हातात दिला नाही."

काकूच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "सासूबाई गेल्या बिचाऱ्या, त्यांना कळलं असतं तर..."

आत्याने पुडीच्या कागदाची कड दुमडली.

"ताई," आई म्हणाली, "आईंना माहीत होतं?"

"त्याच दिवशी सांगितलं होतं मी. म्हणाली, हिरवं दिसतंय ना, मग झालं. नव्या मुलीला काय कळतंय."

आईचं हसू कोणी पुसून टाकावं तसं गेलं. ती काकूच्या शेजारी जाऊन बसली, अगदी खेटून, आणि जो अर्धा चहा कपात उरला होता तो तिच्यापुढे सरकवला.

"माझ्या डब्यांची झाकणं दुसऱ्याच डब्यांची होती," मग आई हळूच म्हणाली. "एकही बसायचं नाही. मी कधी सांगितलं नाही कोणाला."

काकूने तिच्याकडे बघितलं. "म्हणून बिस्किटं मऊ पडतात होय तुमच्याकडची?"

"म्हणून."

आत्या वहिनीकडे वळली. "तुझी काही चूक नाही. बाहेर जाताना मीच सांगून जायला हवं होतं. कोणालाच माहीत नव्हतं, तू तरी कशी..."

आणि बोलता बोलता आत्याची नजर टॉवेलवर पडली. टॉवेलवरून ती ठिणगीच्या हातांवर गेली, हातांवरून तोंडावर. हा ब्रोच कधी ओला होऊन या टॉवेलवर आला नाही, हे जगात एकाच माणसाला कळू शकत होतं. आत्याला समजलं. ठिणगीने ते तिच्या डोळ्यांत बघितलं, जसा मघाशी पाण्यात बुडबुडा बघितला होता.

"...तू तरी कशी ओळखणार," आत्याने वाक्य पुरं केलं. आणि नजर काढून घेतली.

म्हणजे आता दोघी गप्प होत्या. एक समोर, एक बाजूला. तिच्यासाठी. तिने नुसतं बसून राहायचं होतं, टॉवेल मांडीवर घेऊन. प्रकरण मिटलं होतं.

"मला माहीत होतं!"

ती इतक्या मोठ्याने ओरडली की काकूचा कप हिंदकळला.

"मला माहीत होतं पाणी चालत नाही ते! मी भिंगातून बघितलं होतं. वहिनीने विचारलं होतं मला, सरळ विचारलं होतं. ती आत्याला विचारायला उठत होती, तर मीच टोमणा मारून बसवलं तिला. मुद्दाम."

"का ग?" काकू म्हणाली. "मी काय घोडं मारलं होतं तुझं?"

"तू नाही! ब्रश तिला दिला म्हणून!"

आई उठली. "थांब, तुला आता मी..."

"राहू द्या आई," वहिनी म्हणाली. आवाज शांत होता, पण गोड अजिबात नव्हता. सात महिन्यांत तिचा तसा आवाज ठिणगीने ऐकला नव्हता. "बुडबुडे आले तेव्हा तू बघत होतीस ना? तेव्हाही?"

ठिणगीने मान हलवली.

"दोन महिने घरी बसून सगळ्यांचे कप विसळतेय मी. कोणी काही बोलत नाही, पण मला दिसतं ना, दुपारी काय करायचं ते मला सुचत नाही. तुला वाटलं, मला हौस आहे तुझ्या आत्याच्या शेजारी बसायची? मला काम हवंय ग. कुठलंही." तिने ओले हात फ्रॉकमधल्या लहान मुलीसारखे आपल्याच ओढणीला पुसले. "आणि मी तुझं नाव घेतलं नाही, कारण तू स्वतः बोलतेस का, ते मला बघायचं होतं. फार उशिरा बोललीस."

सरांना ठिणगीने जागच्या जागी उलट उत्तर दिलं होतं; वहिनीसमोर तिने मान खाली घातली.

"भिंग कधी लावलं होतंस?" आत्याने विचारलं.

"मागच्या वर्षी."

"काय दिसलं?"

"कडेला गोंद. सुकलेल्या लाळेसारखा. आणि आतून चमक, तिरकं धरल्यावर."

आत्याच्या तोंडावर काहीतरी हललं. "दुकानातल्या दोन जुन्या कारागिरांना दाखवला होता मी हा, नुसता मागच्या पिनेच्या निमित्ताने. त्यांना नाही दिसलं."

एवढं सगळं होऊनही ठिणगीच्या मनात एक वेडी आशा उठून उभी राहिली.

"मंगळवारपासून दुकानात वहिनी जाईल," आत्या म्हणाली.

"पण मला दिसलं ना! कारागिरांना दिसलं नाही ते मला दिसलं, तूच म्हणालीस!"

"दिसलं. आणि गप्प बसलीस." आत्याने आपला दुखरा हात दुसऱ्या हातात घेतला. "तिथे लोक आपल्या गेलेल्या आयांच्या वस्तू विश्वासाने सोडून जातात. कळूनही गप्प बसणारं एक माणूस त्या टेबलावर बावीस वर्षं बसलंय. दुसरं मी पाठवणार नाही."

ठिणगी उठली. खुर्ची मागे पडली. ती दाराशी गेली, कडीला हात लावला. दार कसं उघडायचं आणि परत कसं यायचं नाही, हे तिच्याइतकं चांगलं कोणाला येत नव्हतं. पायात चप्पल घातली. जिन्यातून इस्त्रीचा वास वर येत होता. मागे कोणी तिला थांबवत नव्हतं, हाक मारत नव्हतं. फक्त काकूने नाक ओढलं, आणि गाळणीतून पाणी ठिबकत होतं. आईची साखळी, दोन अंगठ्या, बांगड्या, सगळं ओलं पडलं होतं. ओलं ठेवायचं नाही. डाग बसतो. पाचव्या वर्षापासून पाठ होतं ते.

तिने कडी सोडली. चप्पल काढली. येऊन खुर्ची उचलली, चहाचा डाग चादरीत झाकला जाईल अशी घडी घातली, आणि टॉवेल पुढ्यात पसरून बसली. साखळी घेतली, पुसली. अंगठी घेतली, पुसली. कोणाकडे बघितलं नाही.

समोर वहिनीने भांड्यात हात घातला. तळाशी ते सोन्याचं पान अजून पडलं होतं, मधे नुसतं भोक. तिने ते वर काढलं, साध्या पाण्यातून फिरवलं, दोनदा झटकलं. ठिणगीकडे न बघता टेबलावरून हात लांब केला आणि ब्रोच टॉवेलवर ठेवला. बारा वर्षांत पहिल्यांदा.

तिच्या बोटांखाली तो गार होता, आणि वाटलं होतं त्यापेक्षा हलका.

"आधी मागून," आत्या म्हणाली. "आत पाणी राहतं."

ठिणगीने ब्रोच उलटा केला.